सहाध्यायीचं सुतक

"मित्राला सुतक नसतं," वकील म्हणाला. "दहा दिवस नाही, तीन दिवस नाही. शास्त्रकारांना माणसं कळत होती. त्यांना ठाऊक होतं, मित्र रडतील कमी आणि बोलतील फार. म्हणून सांगून टाकलं, बाबांनो, तुम्ही कामाला मोकळे."

"मित्राला नसेल," बाई म्हणाल्या. "सहाध्यायीला आहे."

वकिलानं चष्मा कपाळावर चढवला. कोर्टात समोरच्यानं न ऐकलेला निवाडा काढला की तो असंच करतो म्हणे.

"गौतम धर्मसूत्र, चौदावा अध्याय. बरोबर शिकलेला माणूस गेला तर पक्षिणी. म्हणजे एक रात्र आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड आमच्या ग्रंथालयात आहे, आशौचाचा सगळा भाग त्यातच. तो गेल्याचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मला तास घेववेना. तोच खंड काढून बसले."

"ते वेद शिकणाऱ्यांसाठी. आपण बीजगणित शिकलो, आणि तेही काही धड नाही. शिवाय त्या गुरुकुलात मुली नव्हत्या."

"तुझ्याही वर्गात नव्हत्याच म्हण. दहावीपर्यंत तू माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीस."

हे मात्र खरं. आमची दहावीची बॅच १९८३ ची. मुलं खिडकीकडच्या बाकांवर, मुली दाराकडच्या, आणि मधल्या मोकळ्या जागेतून फक्त गुरुजी चालायचे. आज ही दोघं 'अरे', 'अगं' करून भांडतात ते त्या जागेपलीकडून, चाळीस वर्षांनी. वकील कराडातच, दिवाणी कोर्टात. बाई पुण्यात मराठी शिकवतात. वर्गभगिनीला 'बाई' आणि वर अहो-जाहो ही आमची चेष्टेत सुरू झालेली आणि मग अंगवळणी पडलेली रीत. गेलेल्याचं नाव देत नाही. तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान, एवढं पुरे.

आमचा वर्ग बहुतेक भूकंपाच्या सालचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला धक्का बसला. कराड-पाटणकडच्या आयांना पोरांच्या जन्मतारखा विचारल्या तर गोंधळतील, पण 'भूकंपाआधी दोन महिने', 'भूकंपात पोटात होता' यात चूक नाही. तो भूकंपानंतर आठवड्याभरात, घराबाहेर ठोकलेल्या पालात जन्मला. दुकानात कोणी फॉर्म भरायला बसलं आणि जन्मस्थळाच्या रकान्याशी अडलं की तो सांगायचा, "माझं बघा, माझं जन्मस्थळ आता अस्तित्वातच नाही." हार्ट अटॅकनं गेला. अँजिओग्राफी करून घ्या असं डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं आणि त्यानं ती यात्रेनंतरवर ढकलली होती.

कृष्णेच्या घाटावर दहावा झाला. कावळ्यानं अजिबात वाट पाहायला लावली नाही, पान ठेवलं आणि आलाच. जमलेल्यांपैकी काहींचा त्यामुळं थोडा हिरमोड झाल्याचं मला दिसलं. मग घरची माणसं निघाली आणि आम्ही तिघं प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपलीकडच्या झाडाखाली बसलो. इथं कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात. त्यावरून जी उपमा सुचते ती कराडातल्या प्रत्येक सभेत कोणी ना कोणी वापरतोच, तेव्हा ती राहू द्या.

बाईंच्या मनात शोकसभा होती. शाळेच्या सभागृहात, रविवारी, जमेल त्यांनी यावं. वकिलाचा विरोध होता. पुढचं बोलणं आठवेल तसं दिलं आहे. मी मधे फार बोललो नाही.

वकील : सभा कशाला? ग्रुपवर झाली की. पहिल्या दिवशी नुसते जोडलेले हात. मग 'भावपूर्ण श्रद्धांजली', एकानं टाकली की बाकीच्यांनी तीच उचलून पुढं ढकलली. एकानं तर त्याच्या फोटोखाली 'देवमाणूस' लिहून मागं बासरी लावली. ऐकलीस का बासरी?

बाई : ऐकली. वाईट होती.

वकील : मग हेच सगळं सभागृहात, माइकवर? माणूस गेला की दहा दिवसांत देव होतो. चौदाव्या दिवशी त्याचं नाव निघत नाही.

बाई : तू सांगतोस ते वाईट बोलणाऱ्यांविषयी. वाईट भाषणं होतात म्हणून भाषणच नको? मग तुझी कोर्टं बंद करावी लागतील.

वकील : कोर्टात शपथ असते. उलटतपासणी असते. शोकसभेत कोणी उलटतपासणी घेत नाही, म्हणून तिथं इतकं खोटं खपतं. तू स्वतः ग्रुपवर घंटेची गोष्ट लिहिलीस. ती खरी आहे?

घंटेची गोष्ट अशी. शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. नववीत ती वाजवायचं काम त्याच्याकडं आलं, कारण वडिलांचं एचएमटीचं घड्याळ तो मनगटाला दोन वेढ्यांचा पट्टा लावून घालत असे. त्या घड्याळात त्यानं काटे पाच मिनिटं पुढं सरकवले आणि बरेच दिवस अख्खी शाळा त्याच्या वेळेवर चालली. शेवटी हेडमास्तरांनी रेडिओवरच्या बातम्यांशी ताडून पाहिलं तेव्हा भानगड कळली. बाईंनी लिहिलं होतं, हे त्यानं टेंभू आणि ओगलेवाडीकडच्या मुलांसाठी केलं. शाळा सुटल्यावर त्यांची एसटी दोन मिनिटांनी चुकायची, पुढची दिवे लागल्यावर होती. ग्रुपवर या गोष्टीला सगळ्यात जास्त बदाम मिळाले.

वकील : एसटी नंतर आली, बाई. तुम्ही आणली. तो घंटा लवकर द्यायचा ती मधल्या सुट्टीची. फाटकाबाहेर वडेवाला बसायचा. दहावीची धटिंगणं पोचली की घाणा संपायचा. आम्ही दोघं पाच मिनिटं आधी तिथं उभे असायचो. मी साक्षीदार आहे, किंबहुना सहआरोपी.

बाई : घड्याळ पुढं केल्यावर सगळ्याच घंटा लवकर होणार. शाळा सुटायचीसुद्धा.

वकील : होणार. पण हेतू वड्याचा.

बाई : टेंभूच्या दोन मुली माझ्या बाकावर होत्या. त्यांना एसटी मिळायला लागली, हे मी पाहिलं. तू वडे खात होतास, तुला ते दिसणार नाही. हेतू काय होता ते तुझ्याकडं, आणि झालं काय ते माझ्याकडं. दोन्ही सांगायला कोणीतरी एका जागी बसायला नको? मी सभा म्हणते ती एवढ्यासाठीच. तू तिथं उठून वडे सांग.

वकील यावर हसला, पण गप्प बसला नाही. तो गप्प बसला असता तर हा लेख झाला नसता. त्यानं खिशातून एक लांबट वही काढली. बाइंडिंगच्या दुकानात मिळतात तसली, लाल पाठीची. दुकानाच्या गल्ल्यात सापडली होती.

त्या वहीत आमच्या वर्गातल्या चौदा जणांच्या आई-वडिलांची नावं होती. मुलं पुण्यात, ठाण्यात, बंगळुरात, दोघं अमेरिकेत. म्हातारी माणसं मात्र कराडात, सोमवार पेठेत, मलकापुरात, आपापल्या घरात. प्रत्येक नावापुढं गॅसचा ग्राहक क्रमांक, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा वार, पेन्शन कुठल्या बँकेत. काही नावांवर आडवी रेघ आणि शेजारी तारीख. शेवटच्या पानांवर 'हयात' असा मथळा आणि खाली वर्षवार खुणा.

नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही, आता बोटाचा ठसा. जीवन प्रमाणची सोय २०१४ ला सुरू झाली, पण ऐंशीच्या घरातल्या माणसांची बोटं झिजलेली असतात, यंत्र ठसा घेत नाही. त्याच्या दुकानात ते यंत्र होतं. मी एकदा पाहिलंय. आमच्याच एका मित्राची आई स्टुलावर बसली होती आणि यंत्र लाल दिवा दाखवून तिसऱ्यांदा नकार देत होतं. त्यानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला, मग स्वतःच्या मुठीत धरून बसला, बोलत बसला, तिच्या माहेरच्या ओढ्याला अजून पाणी असतं का वगैरे. अंगठा उबदार झाल्यावर अलगद काचेवर ठेवला. हिरवा दिवा. "काकू, सरकारला पटलं. आहात तुम्ही."

वकील : ही वही बघ. आणि आता ग्रुपवर सगळ्यात जास्त कोण रडतंय त्यांची नावं ताडून बघ. मला सरळ सांग, तुम्ही त्याला रडताय का तुमची सोय गेली म्हणून रडताय?

हे तो फार कठोर बोलला. बाईंचं उत्तर लगेच आलं नाही. त्यांची आई गेली तेव्हा त्या दिल्लीत परीक्षेच्या कामावर होत्या, येईपर्यंत बर्फाच्या लाद्या त्यानंच आणून ठेवल्या होत्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. वकिलानं ते मुद्दाम काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

बाई : दोन्ही.

वकील : म्हणजे?

बाई : म्हणजे दोन्ही. माझ्या आईची ओळख पटवणारा, तिला शेवटी नवी साडी कुठली नेसवली ते सांगू शकणारा माणूस तोच होता. ती माझी सोय होती का माया होती, हे मला वेगळं करता येत नाही. तुझं असं दिसतं की शुद्ध दुःख पाहिजे, त्यात स्वार्थाचा कण नको. मला तसलं दुःख कुठं भेटलेलं नाही. बाप गेला की पोरगं रडतं त्यात बापाची सोय नसते?

वकील : असते. पण पोरगं नंतर पिंड देतं, कर्ज फेडतं, सातबाऱ्यावर नाव लावतं. मित्र बासरी लावतात.

मी या ठिकाणी मनातल्या मनात वकिलाच्या बाजूचा होतो, आजही बराचसा आहे. पण एक गोष्ट त्याला दिसत नव्हती. त्याचा हा सगळा राग म्हणजेच त्याचा शोक होता. आणि तो तर चारचौघांत, मोठ्या आवाजात चालला होता.

बाईंनी मग आगरकर काढले. कराडात हे सोपं आहे. टेंभू नदीपलीकडं, आता लोकांना ते उपसा सिंचन योजनेमुळं ठाऊक, पण आगरकर तिथले. त्यांचा आणि टिळकांचा जन्म एकाच साली, १८५६ च्या जुलैत, नऊ दिवसांच्या अंतरानं. डेक्कन कॉलेजात दोघं भेटले. नोकऱ्यांच्या मागं न लागता शाळा काढायची हे तिथंच ठरलं. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर राहिले. पुढं फाटलं. आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ साली सुधारक काढला. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. मग काही वर्षं दोन्ही पत्रं एकमेकांवर तुटून पडत होती. १७ जून १८९५ ला आगरकर गेले, वयाला एकोणचाळीस पुरी नव्हती. आणि त्यांच्यावर केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

बाई : सहाध्यायीच ना तेही? टिळकांनी तुझ्यासारखा विचार केला असता तर म्हणाले असते, घरचे बघून घेतील, मला काय अधिकार. उलट इतकं भांडण झालेलं असताना लिहिलं. घरच्यांना जे आगरकर माहीत नव्हते ते त्यांना माहीत होते.

वकील : तू एक बाजू सांगितलीस. त्याच आगरकरांनी स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च आधीच पुडीत बांधून ठेवला होता, चरित्रात आहे. दम्यानं शरीर पोखरलेलं, पण शेवटच्या लाकडांसाठी कोणापुढं हात पसरायची पाळी बायकोवर येऊ नये, ही काळजी. मित्र मोठे, विद्वान, गावभर मान. पुडी स्वतःच बांधावी लागली. मी मृत्युलेखापेक्षा ती पुडी जास्त मानतो.

बाई : पुडी यशोदाबाईंसाठी होती. मित्रांवर अविश्वास म्हणून नव्हती.

वकील : तुला कसं कळलं?

बाई : आणि तुला?

इथं बराच वेळ कोणी बोललं नाही. पलीकडच्या काठावर कोणी तरी म्हशी पाण्यात घातल्या होत्या. मग वकिलानं आपला खरा मुद्दा काढला. तो इतका वेळ का कुरकुरत होता ते मला तेव्हा कळलं.

वकील : मी मागचा आठवडा काय केलं सांगतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते. ती केली, दाखल्याच्या दहा प्रती काढल्या, कारण प्रत्येक कचेरीला मूळच लागतो. बँकेच्या ठेवीला वहिनी नॉमिनी आहेत, त्यांना वाटतं पैसे त्यांचे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात ते वारसांच्या वतीनं सांभाळायला. वारस कोण? त्या, मुलगा, मुलगी, आणि त्याची आई. आई जिवंत आहे हे सगळे विसरतात. १९५६ च्या कायद्यात मुलगा गेल्यावर आई पहिल्या वर्गातली वारस आहे, बायकोपोरांइतकाच हिस्सा. ती पंच्याऐंशीची म्हातारी ओसरीवर बसलीय आणि घरात तिच्यादेखत कागद फिरताहेत. तलाठ्याकडं वारसाची वर्दी द्यायचीय, सहा-क च्या नोंदवहीत नाव चढलं की मग फेरफार. तीन महिन्यांच्या आत करायचं. दुकानाची डिपॉझिटची पावती सापडत नाही. जगभराच्या कागदांच्या प्रती काढून दिल्या त्यानं, स्वतःच्या पावतीची एक नाही.

बाई : हे तू करतोयस ते मला माहीत आहे. वहिनींनी सांगितलं.

वकील : आणि हे सांगितलं? तो दोघांना जामीन आहे. पतसंस्थेत. दोघंही आपल्याच वर्गातले. एकाचं कर्ज फिटत आलंय. दुसऱ्याचे हप्ते बंद आहेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि जामीनदार गेला म्हणून ती बुडत नाही. त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरती वारसांवर येते. म्हणजे त्या ओसरीवरच्या म्हातारीवरसुद्धा. वसुलीचं पत्र घरी येऊन पडलंय. आणि हा दुसरा कोण ते तुला सांगतो. बासरीवाला.

बाईंनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतील. त्या हसत होत्या. नंतर रडल्याही, पण आधी हसल्या. मग वकीलही हसला आणि आमच्या शेजारून शेंगदाणेवाला दबकत निघून गेला, कारण दहाव्याहून आलेली, कपाळाला राख लागलेली माणसं अशी हसत नाहीत.

बाई : त्याला हे माहीत होतं? हप्ते बंद आहेत ते?

वकील : माहीत होतं. मला म्हणाला होता, "देईल रे, सध्या ओढ आहे त्याची." मी म्हटलं, लेखी घे. म्हणाला, "दहावीच्या बाकावरच्या माणसाकडून काय लेखी घ्यायचं?"

बाई : म्हणजे घंटा टेंभूच्या मुलांसाठीच दिली होती.

वकील : वड्यासाठी दिली होती! आणि हे तुझ्या 'देवमाणसा'चं लक्षण नाही, हे मूर्खपणाचं लक्षण आहे. मी त्याच्यावर चिडलोय, तुम्हा लोकांवर नंतर. बायकोपोरांना न सांगता जामीन राहिला. तपासणी पुढं ढकलली. वर्गातल्या म्हाताऱ्यांचे वार सांभाळले आणि स्वतःचा वार चुकवला. सभेत हे कोणी बोलणार आहे?

बाई : मी बोलेन. वहिनी पुढं बसलेल्या असल्या तरी बोलेन. त्यांनाच ऐकायचंय.

आणि बाईंनी जे सांगितलं त्यानं वकिलाचा एक मोठा आधार गेला. शोक घरच्यांचा, मित्रांनी मधे लुडबुडू नये, यावर त्याचा निम्मा युक्तिवाद उभा होता. बाई आदल्या रात्री त्यांच्या घरीच मुक्कामाला होत्या. त्याचा फोन आता वहिनींकडं आहे. ग्रुपवर येणारं सगळं त्या वाचतात, बासरीसकट. लग्न झालं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याआधीचा त्यांना माहीत नाही. सासूबाईंना आता आठवत नाही, आणि आठवतं ते भूकंपापाशीच येऊन थांबतं. घंटेची गोष्ट वाचून त्यांनी बाईंना मध्यरात्री उठवलं आणि विचारलं, "खरंच का हो? शाळेत वांड होते?" कारण घरात त्याची ख्याती गप्प माणूस अशी होती. दुकानातून आला की जेवून बातम्या लावणारा. मुलीला तर पटेना, बाबा नक्कल करायचे, भूगोलाच्या सरांची नक्कल करताना पट्टीनं नकाशावरचा आल्प्स फाडला होता. तिनं बाईंना तीन वेळा सांगायला लावली ती गोष्ट.

बाई : तू वहिनींना कागद देतोस. ते लागतातच, मी नको म्हणत नाही. पण ही गोष्ट द्यायला दुसरं कोणी नाही. भाऊ नाही, बहीण नाही. आपणच आहोत आणि आपणही कमी होत जाणार. वर्गाच्या फोटोत बघ, पहिल्या रांगेतले गुरुजी सगळे गेले. दुसऱ्या रांगेतला हा दुसरा.

वकील : म्हणजे आता ते तूच ठरवणार, घरच्यांना नवरा कसा होता ते?

बाई : नवरा कसा होता ते त्याच सांगतील. मुलगा कसा होता ते आपण. आणि तू आलास तर वड्याचं सांगशील, म्हणून तू पाहिजेस. नुसती मी बोलले तर एसटीच राहील.

यानंतर वाद बराच खालच्या पट्टीत आला. सभा घ्यायची हे ठरलंसं दिसलं, ठरवलं असं कोणी म्हणालं नाही. वकिलाच्या अटी मात्र सुरू झाल्या. फ्लेक्स लावायचा नाही. पाहुणा बोलवायचा नाही, नगरसेवक तर मुळीच नाही. बोलणाऱ्यानं पाच मिनिटं, आणि 'देवमाणूस' म्हणणाऱ्याला तिथंच खाली बसवायचं. हे काम बाई आनंदानं करणार होत्या. लाल पाठीची वही टेबलावर ठेवायची. ज्याच्या त्याच्या आई-वडिलांचं पान ज्यानं त्यानं उतरून घ्यायचं, आणि नोव्हेंबरात कोण कोणाला बँकेत नेणार ते कराडात राहणाऱ्या चौघांनी तिथंच वाटून घ्यायचं. बाई म्हणाल्या, हे सभेत नको, चहाच्या वेळी. वकील म्हणाला, चहाच्या वेळी लोक पळतात. इथं बाईंनी माघार घेतली. आपल्या वर्गाला त्या ओळखतात.

बक्षिसाचा मुद्दा दोन मिनिटांत संपला. दहावीत पहिल्या येणाऱ्याला त्याच्या नावानं बक्षीस, अशी अमेरिकेतल्या एकाची सूचना होती आणि पैसे त्यानं पाठवलेसुद्धा होते. त्याला स्वतःला दहावीत पंचेचाळीस टक्के. दोघांनी एकमतानं ते पैसे दुसरीकडं वळवायचं ठरवलं. कुठं ते अजून ठरायचं आहे.

राहिला बासरीवाला. वकिलाचा बेत सरळ होता. वारसांच्या वतीनं नोटीस, हप्ते नियमित करा नाहीतर पुढची पावलं. बाईंचं म्हणणं, काढ, पण सभा होऊन जाऊ दे.

वकील : सभेच्या आधी. सभेत तो भाषण करणार आहे, त्यानं आत्ताच ग्रुपवर नाव दिलंय.

बाई : म्हणूनच नंतर. बोलू दे त्याला. सगळ्यांसमोर, वहिनींसमोर, त्या म्हातारीसमोर उभा राहू दे. बोलताना त्याचं त्याला कळेल.

वकील : कोणाचं कोणाला कळत नसतं, बाई. रजिस्टर पोस्टानं कळवावं लागतं.

नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली. सभा झाली, बरी झाली, थोडी लांबली. वड्याची गोष्ट वकिलानं अशी सांगितली की गेलेल्याची आई ओसरीवर हसते तशी मोठ्यांदा हसली आणि लगेच विचारू लागली, कोण रे हा? एसटीची गोष्टही झाली, टेंभूच्या दोघींपैकी एक आली होती, तिनंच सांगितली. बासरीवाला शेवटच्या रांगेत होता. नाव पुकारलं तेव्हा उठला नाही, हातानंच नको म्हणाला. पुढच्या महिन्यापासून त्याचे हप्ते सुरू झाले आहेत. बाईंचं म्हणणं, ते सभेमुळं. वकिलाकडं पोचपावती आहे, तिच्यावरची तारीख तो दाखवतो.